‘लांडगा आला रे आला’ : एका नीतिकथेतील ऐकणाऱ्यांचा इतिहास

१

काही कथा इतक्या प्रचारात येतात की त्यांचे कथापण झिजून जाते आणि शेवटी एखादे वाक्य तेवढे उरते. ‘लांडगा आला रे आला’ हे मराठीतील असे एक वाक्य आहे. अग्रलेखात, सभेतील भाषणात किंवा घरातल्या बोलण्यात ते आले की कथा सांगावी लागत नाही. समोरच्याच्या इशाऱ्यावर आता विश्वास ठेवण्याचे कारण नाही, एवढा निर्णय त्या चार शब्दांतून दिला जातो आणि तो निर्णय कोणी तपासून पाहत नाही. कथा अशी वाक्यात संकोचली म्हणजे तिच्यातील एकच पात्र शिल्लक राहते, आणि ते म्हणजे खोटी हाक देणारा मुलगा. हाकेला धावून आलेले, रिकाम्या हाताने परतलेले आणि अखेरीस न आलेले गावकरी दृष्टीआड होतात. मेंढ्या तर कोणाच्या लक्षातही राहत नाहीत.

या कथेचा विचार बहुधा खोटे बोलणाऱ्याच्या बाजूने झाला आहे. परंतु विश्वास ही एका माणसाच्या मालकीची वस्तू नव्हे. तो दोघांमधला व्यवहार असतो आणि तो मोडतो तेव्हा त्या मोडण्याला दोन बाजू असतात. कथेच्या सुमारे दोन हजार वर्षांच्या प्रवासाकडे ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणि एका वाचकवर्गाकडून दुसऱ्या वाचकवर्गाकडे जात असताना मोडलेल्या विश्वासाचा दोष क्रमाक्रमाने दुबळ्या खांद्यांवर सरकत गेला, आणि ऐकणारे क्रमाक्रमाने निर्दोष होत गेले. हे सरकणे कसे घडले हा येथील विवेचनाचा विषय आहे.

२

इसापच्या नावावर मोडणाऱ्या ग्रीक गद्यकथांमध्ये ही कथा आढळते. बेन एडविन पेरी यांच्या १९५२ च्या ‘इसॉपिका’ या संपादनात तिचा क्रमांक २१० आहे. ही मूळ संहिता अवघ्या काही ओळींची असून शालेय पुस्तकांतील कथेशी ती पूर्णपणे जुळत नाही. तिच्यात मुलगा नाही. एक मेंढपाळ आपला कळप गावापासून काहीसा दूर हाकून नेतो. लांडगे मेंढ्यांवर पडले आहेत असे ओरडून गावकऱ्यांना मदतीला बोलावण्याचा खेळ तो वारंवार करतो. दोन-तीन वेळा गावकरी घाबरून धावत येतात आणि मग हसत परत जातात. शेवटी खरोखरच लांडगे येतात. मेंढपाळ ओरडतो, पण हा नेहमीप्रमाणे खेळच करतो आहे असे समजून गावकरी फारसे मनावर घेत नाहीत, आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्यांना मुकतो.

या संहितेतील तीन तपशील महत्त्वाचे आहेत. पहिला, गावकरी हसत परततात. ते संतापत नाहीत, शिव्या देत नाहीत, ताकीदही देत नाहीत. फसवणुकीच्या खेळात तेही काही अंशी सहभागी आहेत. दुसरा, नुकसान मेंढपाळाचे आहे. कळप त्याचा आणि तोटाही त्याचाच. गावाचे या प्रकरणात काही जात नाही. तिसरा तपशील शब्दाचा आहे. मेंढपाळाच्या कृतीसाठी योजलेले ग्रीक क्रियापद ‘पाइझेइन’ असे आहे. खेळणे, थट्टा करणे असा त्याचा अर्थ असून ते ‘पाइस’ म्हणजे मूल या नामापासून बनले आहे. मूल जे करते ते करणे, असा त्याचा व्युत्पत्तिदृष्ट्या अर्थ होईल. ग्रीक कथेत मूल आहे ते केवळ क्रियापदाच्या पोटात. पुढील शतकांत ते पात्र म्हणून बाहेर आले.

कथेच्या शेवटी जोडलेले तात्पर्यही पापाची भाषा बोलत नाही. खोटे बोलणारे काय ‘कमावतात’, तर खरे बोलत असतानाही त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही एवढेच, असा त्याचा आशय आहे. नफ्यातोट्याच्या शब्दाचा हा उपरोधिक वापर पाहता मूळ कथा नीतिमत्तेपेक्षा व्यवहाराची आहे असे म्हणावे लागते. लोककथांच्या अभ्यासकांनीही तिला याच दृष्टीने स्थान दिले आहे. स्टिथ थॉम्प्सन यांच्या कल्पनाबंधसूचीत ही कथा फसवणुकीच्या ‘के’ विभागात नाही. ती शहाणे आणि मूर्ख यांच्या ‘जे’ विभागात आहे. हान्स-यॉर्ग ऊथर यांच्या २००४ च्या कथाप्रकारसूचीतही ती १३३३ या क्रमांकावर, मूर्खांच्या कथांमध्येच येते. मेंढपाळ दुष्ट आहे असे या वर्गीकरणात गृहीत धरलेले नाही. पुढचे न पाहणारा म्हणून तो मूर्ख ठरतो.

३

तात्पर्यात आलेला विचार या कथेपुरता मर्यादित नव्हता. खोटे बोलून काय मिळते, या प्रश्नाला ॲरिस्टॉटलने अगदी याच आशयाचे उत्तर दिल्याचे डायोजिनीस लेअर्शिअसने तत्त्वज्ञांच्या चरित्रांत नोंदवले आहे. खोटे बोलणारा खरे बोलला तरी त्याच्यावर विश्वास न ठेवण्याची लोकांची रीत आहे, असे सिसेरोने शकुनशास्त्रावरील आपल्या ग्रंथात इ. स. पूर्व ४४ च्या सुमारास म्हटले आहे. म्हणजे हे वचन स्वतंत्रपणे फिरत होते आणि निरनिराळ्या कथांना चिकटत होते. ते कोणत्या कथांना चिकटले हे पाहणे उद्बोधक ठरते.

फीड्रसच्या उपलब्ध लॅटिन पद्यकथांत मेंढपाळाची कथा नाही, पण हेच तात्पर्य आहे. ते ज्या कथेला जोडले आहे तीत कोल्ह्याने चोरी केली अशी फिर्याद लांडगा घेऊन येतो. कोल्हा आरोप नाकारतो. वानर न्यायाधीशाच्या आसनावर आहे. तो निवाडा देतो की, लांडग्याचे काही चोरीला गेले असेल असे दिसत नाही, आणि कोल्ह्याने मात्र नाकारलेली चोरी केलेलीच दिसते. दोघांचीही अपकीर्ती एवढी आहे की पुराव्याची गरजच उरत नाही. लोक हा निवाडा चातुर्याचा मानतात. पण पुराव्याची जागा लौकिकाने घेतली की न्यायाचे काय होते, हा प्रश्न त्या चातुर्याआड राहतो. येथे ऐकणारा हा न्यायाधीश आहे आणि न ऐकणे हा त्याचा अधिकार आहे.

होरेसच्या पत्रकाव्यांपैकी पहिल्या पुस्तकातील सतराव्या पत्रात आणखी एक दृष्टान्त येतो. पाय मोडल्याचे सोंग करून भीक मागणारा एक भामटा असतो. एकदा फसलेला वाटसरू त्याला पुन्हा उचलायला थांबत नाही. पुढे त्याचा पाय खरोखरच मोडतो. तो रडतो, देवाची शपथ घेतो. शेजारचे लोक त्याला ओरडून सांगतात, एखादा परका शोध. या उत्तरात विश्वासाविषयीचे एक मर्म आहे. विश्वास स्थानिक असतो. जेथे माणूस ओळखीचा आहे तेथे तो संपतो, आणि परक्याजवळ तो अजून शाबूत असतो. शेजाऱ्यांचे उत्तर क्रूर असले तरी त्यांना एक गोष्ट कळलेली आहे : मोडलेला पाय खरा असू शकतो, तो आपण उचलणार नाही एवढेच. होरेसने हा दृष्टान्त श्रीमंत आश्रयदात्यापुढे वारंवार रडगाणे गाणाऱ्या आश्रितांसंबंधी दिला आहे. ज्याला हाक मारल्यावाचून गत्यंतर नाही, अशा माणसाच्या हाकेबद्दलच शंका घेतली जाते, हे सूत्र येथे प्रथमच ठळकपणे दिसते.

४

मेंढपाळाची कथा केवळ ग्रीकमध्ये टिकून राहिल्यामुळे पश्चिम युरोपात ती उशिरा पोचली. पंधराव्या शतकाच्या मध्यास रिनुच्चो या इटालियन पंडिताने काही ग्रीक कथा लॅटिनमध्ये आणल्या. हाइनरिख स्टाइनहोवेलने त्यांतील काही आपल्या संग्रहात घेतल्या. हा लॅटिन-जर्मन संग्रह १४७६ च्या सुमारास उल्म येथे छापला गेला. ज्युलियन माशोने तो फ्रेंचमध्ये आणला आणि विल्यम कॅक्स्टनने त्या फ्रेंचवरून केलेले इंग्रजी भाषांतर १४८४ मध्ये छापले. कथेला प्राचीन लॅटिन शीर्षक नव्हते, त्यामुळे प्रत्येक संपादकाने तिला आपापल्या समजुतीप्रमाणे नाव दिले. ही नावे म्हणजे तिच्या अर्थांतराचा दप्तरी पुरावाच होय.

कॅक्स्टनच्या शीर्षकात मेंढरे राखणारे ‘मूल’ आहे. १५७४ मध्ये हिएरोनिमस ओसिअसने लॅटिन शीर्षकात ‘खोटे बोलणारा मुलगा’ असे म्हटले. फ्रान्सिस बार्लोच्या १६८७ च्या आवृत्तीत गुराखी मुलगा आणि शेतकरी असे दोन पक्ष झाले. प्रौढ मेंढपाळाचे मूल झाले त्याबरोबर गावकऱ्यांचेही रूप बदलले. कॅक्स्टनच्या कथेत आसपास जमीन कसणारे कष्टकरी आपले काम टाकून धावतात. आता हाक देणारा वयाने लहान व दुसऱ्यावर अवलंबून असलेला आहे, आणि धावणारे कामात गुंतलेले प्रौढ आहेत. त्यांचा वेळ जातो, काम खोळंबते. ग्रीक गावकऱ्यांचे हसणे जाऊन त्या जागी सार्थ संताप येण्याची तयारी येथे झाली. पुढे कित्येक बालआवृत्त्यांत मेंढ्या धन्याच्या किंवा गावाच्या झाल्या, आणि काहींत तर मेंढ्यांऐवजी लांडग्याने मुलालाच खाल्ले. स्वतःच्या तोट्याची कथा दुसऱ्याच्या मालमत्तेविषयीच्या अपराधाची झाली आणि अपराधाला शिक्षा आवश्यकच ठरली.

या प्रवासातील एक टप्पा राजकीयदृष्ट्या विशेष आहे. रॉजर लेस्ट्रेंजने १६९२ मध्ये आपला इसाप प्रसिद्ध केला तेव्हा या कथेच्या शीर्षकात त्याने ‘खोट्या धोक्याच्या हाका’ असा लष्करी वळणाचा शब्द योजला. लेस्ट्रेंज हा १६६३ पासून इंग्लंडच्या राजसत्तेचा मुद्रणनियंत्रक होता. १६७८ मध्ये टायटस ओट्सने राजाच्या हत्येचा कॅथलिक कट रचला जात असल्याची बनावट हाक दिली. ती हाक लोकांनी खरी मानली आणि तिच्यापायी निरपराध माणसे फासावर गेली. लेस्ट्रेंजने आपल्या नियतकालिकातून ओट्सवर सतत टीका केली, आणि १६८५ मध्ये ओट्स खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. १६८८ च्या सत्तांतरानंतर पद आणि सत्ता गमावलेल्या लेस्ट्रेंजने इसाप हाती घेतला. त्याच्या डोळ्यांपुढे ओट्सच होता असे निश्चयाने म्हणता येणार नाही. परंतु त्या काळच्या इंग्रज वाचकाला खोटी हाक म्हटल्यावर कुरणातील पोर आठवण्याआधी न्यायालयातील साक्षीदार आठवला असणे संभवनीय आहे. त्या प्रकरणात माणसे मेली ती ऐकणाऱ्यांनी खोट्या हाकेवर विश्वास ठेवल्यामुळे. कथेला मात्र केवळ अविश्वासाचा शेवट ठाऊक आहे. विश्वासाने होणाऱ्या हत्येला तिच्यात जागा नाही.

त्यानंतर वर्षभराने, १६९३ मध्ये, जॉन लॉकने शिक्षणविषयक विचारांत मुलांच्या वाचनासाठी इसापची शिफारस केली. सॅम्युएल क्रॉक्सॉलने १७२२ मध्ये लेस्ट्रेंजच्या राजनिष्ठ भाष्यांना विरोध म्हणून आपली आवृत्ती काढली. दोघांचे राजकारण परस्परविरोधी असले तरी इसापचे स्थान आता वर्गात आहे याबद्दल वाद उरला नव्हता. वर्गात बोलणारा प्रौढ आणि ऐकणारे मूल असते. कथेत नेमके उलट, हाक देणारे मूल आणि ऐकणारे प्रौढ. कथेतील प्रौढ श्रोत्याला प्रश्न विचारणे म्हणजे वर्गातील शिक्षकाला प्रश्न विचारणे ठरले असते. तो विचारला गेला नाही.

५

इसापच्या गोष्टी मराठीत आल्या त्या या शालेय रूपात. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये छापलेली सक्खन पंडितांची ‘बालबोधमुक्तावली’ आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी सिद्ध केलेली ‘इसापनीतिकथा’ हे त्या प्रवासातील आरंभीचे टप्पे होत. दोन्ही नावे लक्षणीय आहेत. पहिल्यात ‘बाल’ आहे, दुसऱ्यात ‘नीति’ आहे. ‘नीति’ या शब्दाची परंपरा पंचतंत्र-हितोपदेशाची असून तेथे तिचा अर्थ जगात कसे वागावे याचे शहाणपण असा होतो. ग्रीक तात्पर्यातील ‘कमाई’शी तो अर्थ जवळचा आहे. पण एकोणिसाव्या शतकात शाळा, परीक्षा आणि क्रमिक पुस्तके यांच्या संगतीत ‘नीति’चा अर्थ सदाचाराकडे झुकत गेला, आणि व्यवहाराच्या जागी खोटे बोलू नये असा उपदेश रुजला.

मराठी लोकव्यवहाराला या विषयावरचे स्वतःचे शहाणपण होतेच. ‘लबाडाघरचे आवतण जेवल्याशिवाय खरे नाही’ ही म्हण लबाडावर विश्वास ठेवायला सांगत नाही, पण त्याच्या घरचे ताट कायमचे नाकारायलाही सांगत नाही. निर्णय ताट समोर येईपर्यंत लांबणीवर टाकायचा, एवढेच ती सांगते. या म्हणीतला पाहुणा सावध आहे, तरी त्याने जाणे सोडलेले नाही. कथेतील गावकऱ्यांना हा तिसरा मार्ग सुचत नाही. सगळे धावतील किंवा कोणीच धावणार नाही, एवढेच दोन पर्याय त्यांच्यापुढे आहेत. एकाने टेकडीवर चढून पाहावे असे कोणाच्या मनात येत नाही.

कथेची भूमीही विचारात घेतली पाहिजे. दख्खनच्या माळरानावर लांडगा ही कल्पना नाही, आणि धनगरांचे जीवन त्याच्या सान्निध्यातच चालत आले आहे. धनगर मेंढ्या घेऊन वाड्यासह हिंडतो. रात्री कळपाची राखण वाड्यातील माणसे आणि कुत्री करतात. गावाशी त्याचे नाते असते ते शेतात मेंढ्या बसवण्याचे. लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी त्याला धान्य किंवा पैसे देतो. हा व्यवहार दोन्ही बाजूंच्या शब्दावर चालतो. गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ मध्ये जर्मनमध्ये व १९८९ मध्ये इंग्रजी भाषांतरातून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धनगरांच्या मौखिक परंपरेचा जो अभ्यास केला, त्यात पशुपालक आणि कृषक यांच्या परस्परसंबंधांचा हा मोठा पट उलगडतो. त्या पटाशेजारी ठेवले म्हणजे पाठ्यपुस्तकातील कथेचा दृष्टिकोन कोणाचा आहे हे स्पष्ट होते. तो गावात स्थिर असलेल्या वाचकाचा आहे. माळावरच्या माणसाचा शब्द संशयास्पद आणि गावातल्याचा संशय वाजवी, हे त्यात आधीच ठरलेले आहे.

तरीही मराठीने या कथेला दिलेले वाक्य इंग्रजीतील नुसत्या नामाच्या आरोळीपेक्षा अर्थसमृद्ध आहे. आभाळ भरून आले की अंगणातले वाळवण उचलताना ‘पाऊस आला, पाऊस आला’ असे म्हटले जाते. थेंब अजून पडलेला नसतो. येऊ घातलेल्या गोष्टीसाठी भूतकाळ वापरण्याची मराठीची ही लकब ‘लांडगा आला’मध्ये आहे. त्यामुळे खरी हाक आणि खोटी हाक यांत व्याकरणाचा काही फरक राहत नाही. प्रामाणिक माणूसही लांडगा पोचण्यापूर्वीच तो ‘आला’ असे म्हणेल. इशारा खरा ठरतो तोही थोडा आधीच बोललेला असल्यामुळे. आणि ‘रे’ हे संबोधन ऐकणाऱ्याकडे वळलेले आहे. वाक्यातून सगळे गावकरी गळाले तरी या एका अक्षरात ते टिकून आहेत.

६

दोष दुबळ्याकडे सरकण्याची क्रिया याच एका कथेपुरती असती तर तिला शिक्षणाच्या इतिहासातील अपघात म्हणता आले असते. परंतु अन्य परंपरांतील समांतर कथांतही ती दिसते. चीनमधील चौ वंशाच्या यौ राजाची कथा प्रसिद्ध आहे. पाओ स्स ही त्याची लाडकी राणी हसत नसे. तिला हसवण्यासाठी राजाने शत्रू आल्याचा इशारा देणाऱ्या मशाली पेटवल्या. मांडलिक सैन्यासह धावत आले, शत्रू नाही हे पाहून गोंधळले, आणि राणी हसली. हा खेळ वारंवार झाला. इ. स. पूर्व ७७१ मध्ये खरा हल्ला आला तेव्हा मशाली पेटल्या, पण कोणी आले नाही, आणि राजा मारला गेला. ग्रीक कथेप्रमाणे येथेही हसणे आहे. मात्र ते ऐकणाऱ्यांकडून सत्तेच्या सज्जात गेले आहे. ही कथा इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आरंभी स्स-मा छ्यन या इतिहासकाराने सांगितली. तिसऱ्या शतकातील एका जुन्या ग्रंथात मशालींऐवजी ढोल आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्सिंगह्वा विद्यापीठातील बांबूपट्ट्यांवरच्या इतिहासलेखात मात्र मशालींचा उल्लेख नाही. तेथे राजाच वारसाहक्काच्या कलहात शन राज्यावर चालून गेलेला दिसतो. म्हणजे राजकीय संघर्षातून झालेल्या नाशाला पुढील परंपरेने विश्वासभंगाच्या नीतिकथेचे रूप दिले, आणि तिच्या केंद्रस्थानी एका स्त्रीचे हसणे ठेवले. जसे मेंढपाळाचे मूल झाले, तसा राजाचा दोष राणीचा झाला.

ग्रीक शोकात्मिकेतील कॅसँड्रा हे याहून कठोर उदाहरण होय. इ. स. पूर्व ४५८ मध्ये सादर झालेल्या इस्किलसच्या ‘अ‍ॅगामेम्नॉन’ नाटकात ती स्वतः सांगते की, अपोलोला होकार देऊन नंतर आपण त्याला फसवले, आणि त्या अपराधापासून आपले कोणालाच काही पटेनासे झाले. कथेतील समीकरणच येथे आहे : एक असत्य, आणि त्यानंतर कायमचा अविश्वास. पण प्रमाण केवढे बदलले आहे. तिची हाक खेळातली नव्हती. तिने फसवले एका देवाला, तेही तो तिच्या देहाची मागणी करीत असताना; आणि तिच्यावर अविश्वास दाखवते सारी माणसे. ज्यांच्याशी ती कधी खोटे बोललीच नाही त्यांनाही तिचे खरे पटत नाही. शोकात्मिका हा अन्याय उघडा करते. तिच्या शब्दांचा अर्थ प्रेक्षकांना कळतो, रंगमंचावरील वृद्धांना मात्र तो पुरता उमगत नाही, आणि महालाच्या आत हत्या घडते. न ऐकण्याला किती किंमत पडते हे येथे प्रेक्षकाला पाहावे लागते. नीतिकथा त्याला त्या जागी कधीच बसवत नाही.

महाभारतातील द्रोणपर्वाने हा प्रश्न उलट्या बाजूने धरला आहे. अश्वत्थामा मेला असे भीम ओरडून सांगतो, पण द्रोणांना ते पटत नाही. ते युधिष्ठिराला विचारतात, कारण तिन्ही लोकांच्या राज्यासाठीही तो असत्य बोलणार नाही याची त्यांना खात्री असते. युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगतो आणि हत्ती हा शब्द अस्पष्टपणे उच्चारतो. जे असत्य भीमाच्या तोंडून निष्प्रभ ठरले ते युधिष्ठिराच्या तोंडून प्राणघातक ठरते. आयुष्यभर साठवलेला विश्वास एका वाक्यात खर्च होतो. खोटे बोलण्याची खरी शक्ती विश्वासपात्र माणसाकडेच असते, हे सत्य मेंढपाळाच्या कथेला पेलणारे नाही. महाभारतकार दोष दुसरीकडे सरकू देत नाहीत. युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे, तो या वाक्यासरशी जमिनीला टेकतो. आणि स्वर्गारोहणपर्वात याच कपटाबद्दल त्याला काही काळ नरक पाहावा लागतो. ऐकणारे द्रोण शस्त्र खाली ठेवतात आणि मारले जातात. विश्वास ठेवणाऱ्याचा नाश आणि विश्वास मोडणाऱ्याची जबाबदारी ही दोन्ही येथे एकाच चौकटीत उभी आहेत.

७

साहित्यविचारात या कथेला अलीकडे वेगळे स्थान मिळाले आहे. व्लादिमीर नाबोकोव्हने आपल्या व्याख्यानांत, जी १९८० मध्ये ग्रंथरूपाने आली, असे प्रतिपादन केले की लांडगा मागे नसताना ज्या दिवशी मुलगा ‘लांडगा’ म्हणून ओरडला, त्या दिवशी साहित्याचा जन्म झाला. ही मांडणी आकर्षक आहे, परंतु तिच्यातही ऐकणारा हरवला आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत, काव्य असत्य सांगते म्हणून ते शिकवू नये, हा आक्षेप मांडून त्याचे खंडन केले. फिलिप सिडनीने १५९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या काव्यसमर्थनात, कवी काही ठामपणे प्रतिपादतच नाही, म्हणून तो खोटेही बोलत नाही, असे म्हटले. या दोन्ही समर्थनांच्या मुळाशी ऐकणाऱ्याशी झालेला एक अव्यक्त करार आहे : हे काव्य आहे हे श्रोत्याला ठाऊक असते. मेंढपाळाच्या हाकेमागे असा करार नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत सांगायचे तर हाक हे वर्णन नव्हे, ती इशारा देण्याची कृती आहे, आणि कृती पूर्ण व्हायला समोरच्याने ती इशारा म्हणून स्वीकारावी लागते. शेवटच्या दिवशी मेंढपाळाचे शब्द सत्य होते, पण त्यांनी इशारा घडला नाही. इशारा देण्याची त्याची शक्ती ऐकणाऱ्यांनी काढून घेतली होती. ती काढून घेण्याचा त्यांना अधिकार होता की नाही, हा कथेने टाळलेला प्रश्न आहे.

हा प्रश्न टाळून केवळ उपदेशासाठी वापरलेली कथा त्या कामी तरी यशस्वी होते काय? कँग ली आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३ ते ७ वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या कथा ऐकवल्या. प्रामाणिकपणाचे कौतुक झाल्याची जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची दंतकथा ऐकलेली मुले आपली चूक अधिक प्रमाणात कबूल करू लागली. लांडग्याच्या कथेचा तसा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ एवढाच की, चार-पाच शतके मुलांच्या गळी उतरवलेली ही कथा मुलांसाठी फारशी उपयोगाची नसावी. ती प्रौढांना मात्र उपयोगी पडत आली आहे. ऐकायचे नाही असे ज्यांनी ठरवले त्यांना ती तयार कारण पुरवते. ज्याने एकदाही खोटी हाक दिलेली नाही अशा माणसाला, त्याच्यासारख्या कुणीतरी पूर्वी दिली होती म्हणून, ‘लांडगा आला रे आला’ या शब्दांनी गप्प करता येते. आणि तसे करणारा स्वतःला फसवणूक झालेला, म्हणून निर्दोष समजतो.

ग्रीक संहितेचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. गावकरी खोटे ठरत नाहीत, मेंढपाळ खरा ठरत नाही, आणि मेंढ्या मरतात. गावकऱ्यांचे अनुमान सयुक्तिक होते, तरीही ते चुकीचे होते. मागच्या तीन हाकांवरून चौथीबद्दल अंदाज बांधता येतो. लांडग्याबद्दल मात्र काहीच ठरवता येत नाही, कारण लांडग्याला मेंढपाळाचा लौकिक ठाऊक नसतो. हाक देणाऱ्याचे चारित्र्य आणि हाकेतील वस्तुस्थिती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे ही कथा सांगते. तिचे तात्पर्य ते सांगत नाही. लबाडाघरच्या आवतणाला सावधपणे का होईना जाऊन पाहणारा पाहुणा मराठीला ठाऊक आहे. टेकडीवर चढून पाहणारा एखादा गावकरी या कथेच्या कोणत्याही प्रचलित रूपात नाही. तो असता तर मेंढपाळाचा खोटेपणा तसाच राहिला असता, पण कळप बहुधा वाचला असता.